बियाणं चांगलं आहे, मग शेतकरी परत का येत नाही?

मंगळवेढा-सांगोला भागात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. त्या लिहितात: "दोन वर्षं आम्ही विद्यापीठाच्या सुधारित ज्वारीचं बियाणं सभासदांना फुकट दिलं. उतारा मालदांडीपेक्षा जास्त आला, हे शेतकऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. तिसऱ्या वर्षी विकत घ्या म्हटल्यावर निम्मेही आले नाहीत. लहान शेतकरी सुधारित बियाणं नेमकं कशावरून धरतो आणि कशावरून सोडतो? उद्या जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेले, वाण आले तर तो घेईल का?"

ताई, मी सोलापूर जिल्ह्यात ३१ वर्षं आधी कृषी सहायक आणि मग पर्यवेक्षक म्हणून काढली. त्यातली बरीचशी मंगळवेढा, मोहोळ आणि उत्तर सोलापूर या तालुक्यांत. तुमच्यासारखाच अनुभव मीही घेतलाय आणि तुमच्यासारखाच हताशही झालोय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. तुमचे सभासद ज्या मालदांडीला चिकटून बसलेत, ती मालदांडी ३५-१ हाच मुळात एक सुधारित वाण आहे. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून चांगली कणसं निवडून निवडून तो तयार झाला. त्या काळी ना टीव्ही होता, ना मोबाइल, ना अनुदान. तरी हे बियाणं घराघरांत गेलं आणि आज म्हातारी माणसं त्याला "आमची गावरान" म्हणतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मुळाशीही हाच दाणा आहे. शेतकऱ्याला सुधारणा नकोच असती तर हे घडलंच नसतं. तेव्हा तुमच्या गावात "लोक जुन्या वळणाचे आहेत" असं कोणी म्हणालं तर ते मनातून काढून टाका. नकाराला कारण असतं. ते बहुतेक वेळा शेतात सापडत नाही, घरात सापडतं.

मला ते कसं कळलं ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मोहोळ तालुक्यातल्या एका गावात रब्बीच्या संकरित ज्वारीचं प्रात्यक्षिक माझ्याकडे होतं. जमीन भारी, शेतकरी आण्णा कष्टाळू. पीक असं आलं होतं की रस्त्यावरून जाणारा माणूस सायकल थांबवून बघायचा. शिवारफेरी झाली, फोटो झाले. पुढच्या वर्षी त्याच शेतात पुन्हा मालदांडी! मी आण्णांना विचारलं, तर ते नुसतं "बघू की सायेब पुढल्या वर्षाला" म्हणाले. आण्णांच्या घरी चहाला गेलो तेव्हा काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी त्यांनाच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. उठल्या, आतल्या डब्यातून त्या संकरित ज्वारीचं उरलेलं पीठ आणलं, माझ्यासमोर परातीत घेतलं, आधण ओतून मळलं आणि थापायला सुरुवात केली. भाकरी तळहाताएवढी झाली तोच कडेला चिरा पडायला लागल्या. पुन्हा गोळा केला, पुन्हा पाणी लावलं, पुन्हा चिरा. मग म्हणाल्या, "विरीच न्हाई पिठाला. सकाळची भाकरी दुपारी रानात न्यायची तर पापड हुतोय. गडी खात न्हाईत." त्या घरात वर्षाला जेवढी ज्वारी लागायची त्याची पोती काकूंनी बोटांवर मोजून सांगितली. पिकलेल्यातली निम्मी तरी घरीच खपणार होती. तिचा उतारा एकरी दोन क्विंटल वाढला तरी घरच्या तव्यावर ती नापास होती.

मी त्या प्रात्यक्षिकाच्या अहवालात धान्य उत्पादन, कणसाची लांबी, हजार दाण्यांचं वजन, सगळं लिहिलं होतं. विरीचा, म्हणजे पिठाच्या चिकटपणाचा, रकानाच नव्हता.

त्यात आमच्याकडे "हायब्रीड" या शब्दाला एक जुनी चव चिकटलेली आहे. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, पुढे खरिपात तो आणि त्याची भावंडं महाराष्ट्रभर पसरली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, आला. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या जिभेवर दोन्ही एकच होऊन बसलं. आजही गावात सुधारित वाण, संकरित वाण आणि जीएम या तिन्हींना सरसकट हायब्रीड म्हणतात. तुम्ही फुले वसुधा या सुधारित वाणाची पिशवी हातात दिली की समोरच्याच्या मनात तीच जुनी भाकरी येते. म्हणून पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी वेगळ्या करून सांगा. सुधारित वाण निवडीने तयार होतो आणि त्याचं बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. ज्वारीत थोडंफार परपरागीकरण होतं म्हणून तीन-चार वर्षांनी ते बदलावं, एवढंच. संकरित बियाणं दोन वेगळ्या आईबापांपासून दर वर्षी नव्याने तयार करावं लागतं. घरचं राखून पेरलं तर पुढच्या पिढीत ताटं लहान-मोठी, कणसं मागं-पुढं होतात. आणि जीएम म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक घातलेलं पीक. आपल्या देशात शेतकऱ्याला लागवडीसाठी विकायला परवानगी असलेलं असं पीक आजपर्यंत एकच, बोंडअळीला मारणारा बीटी कापूस. हा फरक न सांगता बियाणं दिलं तर माणूस हायब्रीड राखून पेरतो, फसतो, आणि पुढची दहा वर्षं तुमच्या कोणत्याच पिशवीवर विश्वास ठेवत नाही.

तव्यानंतर दावण. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आमच्याकडे माणसाइतकाच जनावरासाठी पेरला जातो. कित्येक वर्षी दाण्यापेक्षा कडब्याचेच पैसे जास्त झालेले मी पाहिलेत. २०१९ च्या उन्हाळ्यात मंगळवेढा-सांगोल्यात गावोगावी चारा छावण्या उभ्या होत्या. ज्याच्या घरासमोर कडब्याची गंज होती त्याची जनावरं दावणीला राहिली. ज्याने ते बघितलंय, तो वाणाकडे बघताना आधी ताटाकडे बघतो. उंची किती, ताट गोड आहे का, पानं काढणीपर्यंत हिरवी राहतात का, म्हैस बुडख्यापर्यंत खाते की वैरण तुडवून टाकते. बुटक्या संकरितांना लोकांनी का नाकारलं याचं अर्धं उत्तर इथेच आहे. राहिलेलं अर्धं खोडमाशीत आणि खडखड्या रोगात. पोंगे मरून ओळी विरळ व्हायच्या, आणि जगलेली ताटं दाणा भरताना जमिनीतली ओल संपली की आडवी पडायची. मालदांडी अशा वेळी तग धरून उभी असायची.

पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हे ओळखून रब्बीसाठी सरळ वाण (बी घरी राखता येणारे) काढले तेव्हा चित्र बदललं. इथे मात्र माझ्या हातून एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. या वाणांची जमिनीनुसार वाटणी आहे. हलक्या, मुरमाड रानाला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले माऊली किंवा फुले सुचित्रा, भारी काळ्या कोरडवाहू रानाला फुले वसुधा आणि यशोदा, भारी जमीन आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. अनुराधा १०५ ते ११० दिवसांत निघते, ओल संपायच्या आत दाणा भरून मोकळी होते. वसुधाला ११६ ते १२० दिवस लागतात. एका वर्षी माझ्याकडे एकाच वाणाचं बियाणं आलं, रेवतीचं, आणि लक्ष्यांक पुरा करायचा होता. माळावरच्या दोन शेतकऱ्यांनाही मी तेच दिलं. त्यांच्या रानात हातभर खोदलं की मुरूम लागायचा. परतीचा पाऊस लवकर थांबला आणि कणसं पोटरीतच अडकली. त्या दोघांनी मला एक शब्द उणा बोलला नाही, पण पुढे कितीतरी वर्षं माझ्या सांगण्यावरून त्यांनी बियाणं घेतलं नाही, आणि त्यांच्या वस्तीवरच्या कोणीच घेतलं नाही. तुमच्या कंपनीनेही सगळ्यांना एकच वाण दिला असेल, तर "निम्मे आले नाहीत" हा आकडा जमिनीच्या खोलीप्रमाणे पाडून बघा. आलेले बहुतेक भारी रानवाले असतील असा माझा अंदाज आहे.

आता हिशेबाकडे येऊ, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. आपण शेतकऱ्यापुढे सरासरी ठेवतो, तो वाईट वर्ष मोजतो. सोलापुरात पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही शाळवाचा सगळा भार उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर. दहा वर्षांत तीन-चार वर्षं तरी अशी जातात की बी उगवलं तरी पुरे म्हणायची वेळ येते. ज्याच्याकडे तीस एकर आहेत तो पाच एकरांवर प्रयोग करून बघतो. ज्याच्याकडे अडीच एकर आहेत आणि त्यातलंही एक एकर वाट्याने केलेलं आहे, त्याच्यासाठी चुकलेला वाण म्हणजे वर्षाची भाकरी आणि दावणीची वैरण एकदम गेली. चांगल्या वर्षी पाच क्विंटल जास्त देणाऱ्या आणि वाईट वर्षी साफ बसणाऱ्या वाणापेक्षा, दर वर्षी थोडं कमी पण नक्की देणारा वाण तो घेतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून बैठकीत "उतारा किती" याच्या आधी "पाऊस गेल्यावर याचं काय झालं" हे सांगा. दुष्काळी वर्षातलं पीक ज्याने पाहिलंय असा शेतकरी उभा करा. आपण शिवारफेरी चांगल्या वर्षात, चांगल्या रानात काढतो, कारण फोटो चांगला येतो. खरी शिवारफेरी वाईट वर्षात काढायला हवी.

शेतकरी ऐकतो कोणाचं, हेही बघावं लागतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला यावर १९४३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो आम्हाला प्रशिक्षणात शिकवला होता. २५९ शेतकऱ्यांना विचारलं होतं. बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचा निर्णय त्यांनी शेजाऱ्याकडे बघून घेतला. बातमी कळणं आणि पेरणं यांत सरासरी नऊ वर्षं गेली. पहिल्या वर्षी बहुतेकांनी सगळं रान नव्या बियाण्याखाली घातलं नाही, थोड्या जागेत पेरून बघितलं. हे वाचलं तेव्हा मला आमचं मंगळवेढंच दिसलं. तुम्ही दोन वर्षांत हिशेब मांडताय, तिथे नऊ वर्षं लागली होती, आणि तीही रस्ते, पैसा, मोठी रानं असलेल्या मुलखात.

शेजारी म्हणजे तरी कोण? ज्याचं रान आपल्यासारखं आहे तो. गावातल्या बागायतदाराकडे प्रात्यक्षिक दिलं की कोरडवाहूवाला म्हणतो, "त्यांचं काय, त्यांच्याकडं पाणी हाय." आमच्या खात्याने हे वर्षानुवर्षं केलं, कारण बागायतदाराचं रान रस्त्याला लागून असतं आणि साहेबांची गाडी तिथपर्यंत जाते. वस्तीवर, बांधाच्या कोपऱ्यात, दोन एकरवाल्याकडे चार तास, म्हणजे ओळी, जरी नव्या वाणाचे निघाले तरी त्याचं वजन त्या रस्त्यावरच्या एकरापेक्षा जास्त असतं.

दुसरा, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. तो उधारीवर देतो. खत, औषध, बी एकाच वहीवर, हिशेब सुगीला. तुमची कंपनी रोख मागते. तुमची पिशवी स्वस्त असूनही माणूस दुकानातून का घेतो, याचं कारण कधी कधी एवढंच असतं. दुकानदाराकडे जाऊन भांडू नका, त्याला तुमच्या वाणाची माहिती द्या. चांगल्या दुकानदाराला गिऱ्हाईक टिकवायचं असतं, तो ऐकतो. किंवा सुगीनंतर बियाण्याच्या बदल्यात दीडपट धान्य घ्यायची पद्धत चालू करा. आमच्या भागात ही जुनी रीत आहे.

मग बाजार. बाजार समितीत व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठ उघडतो, दाणा उजेडात धरतो, एखादा दाताखाली फोडतो. टपोरा, मोत्यासारखा चमकणारा, पिवळसर झाक असलेला दाणा असेल तर मालदांडीचा भाव. जरा काळपट किंवा पांढराफटक असेल तर बोली शंभर-दोनशेने खाली. वाणाचं नाव त्याला माहीत नसतं, विचारायची गरजही नसते. नव्या वाणाचा दाणा या मुठीत उत्तीर्ण झाला पाहिजे. पेरणीआधी पाच किलो दाणा घेऊन तुम्ही स्वतः दोन अडत्यांकडे जाऊन या, म्हणजे सभासदांना भावाचं खोटं आश्वासन दिलं जाणार नाही.

बाजाराची ताकद किती असते ते डाळिंबात बघा. आमच्याकडे आधी गणेश हा वाण होता. २००३-०४ च्या सुमारास विद्यापीठाने भगव्याची शिफारस केली आणि काही वर्षांत सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भगवं झालं. भगवा गणेशपेक्षा जवळपास महिनाभर उशिरा तयार होतो, तेल्या रोग त्यालाही सोडत नाही. तरी लोकांनी उभ्या बागा काढून तो लावला, कारण केशरी-लाल फळ, जाड साल, लांबच्या प्रवासात टिकणारं, आणि बांधावर येऊन माल उचलणारा व्यापारी. इथे कोणालाच पटवून द्यावं लागलं नाही. त्याच सोलापुरात केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ मध्ये सोलापूर लाल हा संकरित वाण आणला. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेला, पोषणाच्या दृष्टीने मोलाचा. पण बांधावर आलेला व्यापारी विचारतो, "भगवा आहे का?" लोह जास्त आहे म्हणून किलोमागे रुपया जास्त देणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. बाजरीतही तेच. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आणि राहुरी विद्यापीठ यांनी मिळून काढलेली धनशक्ती ही जास्त लोहाची बाजरी २०१२ मध्ये आली. ती ज्यांनी घेतली त्यांनी दाणा टपोरा आणि पीक लवकर निघतं म्हणून घेतली. घरातल्या मुलींना, बाळंतिणींना लोह मिळतंय ही त्यांच्या दृष्टीने वरकड गोष्ट. मला हे वाईट वाटत नाही. पोषणाचा वाण द्यायचा असेल तर तो आधी शेतात आणि बाजारात उभा राहायला हवा, पोषण मागून आपोआप ताटात येतं. आशाताई आणि अंगणवाडी ताईंना बरोबर घेतलं तर तेही बोललं जातं.

द्राक्षाची गोष्ट तर आपल्या उंबऱ्यातली. उत्तर सोलापूरच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी स्वतःच्या बागेत वेगळी दिसलेली वेल हेरून सोनाका हा वाण निवडला. सोलापूर, नान्नज, काळे यांची पहिली अक्षरं मिळून ते नाव. त्याच्या काड्या बागेतून बागेत गेल्या, दुकानातून नाही. लोक नान्नजला जाऊन घड बघायचे, तोंडात मणी टाकून बघायचे आणि काड्या मागायचे. आपल्यातल्याच माणसाने काढलेला वाण, डोळ्यांनी बघितलेला घड. याहून मोठी जाहिरात कुठली असणार?

ऊस उलटा. तिथे शेतकऱ्याच्या आवडीला फारसं स्थानच नाही. कारखाना ज्या वाणाची नोंद घेतो तो लागतो. को ८६०३२ ला साखर चांगली म्हणून कारखान्यांना प्रिय. फुले २६५ ला टनेज जास्त, खारवट जमिनीतही येतो, म्हणून शेतकऱ्यांना प्रिय. पण साखर उताऱ्याच्या काळजीने काही कारखान्यांनी त्याची नोंद घ्यायला हात आखडला. कांडी रानात जाण्याआधी निर्णय कारखान्याच्या शेतकी ऑफिसात झालेला असतो.

मजुरीकडे मात्र नीट लक्ष द्या, पुढच्या दहा वर्षांत वाणाचा निकाल तीच लावणार आहे. शाळू उपटायला माणूस मिळत नाही. उपटणं, पेंढ्या बांधणं, कणसं खुडणं, यातलं बहुतेक काम बायकांच्या कमरेवर. हरभऱ्यात फुले विक्रम लोकांनी धरला, कारण तो उंच वाढतो, घाटे जमिनीपासून वर लागतात आणि मशिनने काढता येतो. हरभरा उपटून हात सोलवटलेल्या कोणत्याही बाईला विचारा, तिला उताऱ्याचा आकडा सांगावा लागत नाही. तुरीत बीडीएन ७११ चं तसंच. लवकर निघते, मर रोगाला दाद देत नाही. मर लागलेलं रान एकदा बघितलं की शेतकरी स्वतःहून बियाणं विचारत येतो. दुखणं डोळ्यांना दिसत असेल तर त्यावरचं बियाणं पटकन पसरतं.

यातूनच तुमच्या जीएमच्या प्रश्नाकडे येतो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशेच्या आसपास रुपये, म्हणजे साध्या बियाण्याच्या कितीतरी पट. तरी दहाएक वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापसाचं रान बीटीखाली गेलं. आपल्याकडे कापूस बार्शी-करमाळ्याच्या बाजूला थोडाच, पण तिथेही तेच झालं. बोंडअळी ढळढळीत दिसत होती आणि फवारणी कमी झाली हे पहिल्याच हंगामात कळलं. लहान शेतकरी जीएमला भितो हा समज तिथेच खोटा ठरला. पण पुढचंही सांगायला हवं. पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं कडेने पेरायला दिलेलं असायचं, अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होऊ नये म्हणून. अडीच एकरवाला कडेच्या ओळी अळीला कशा सोडणार? बहुतेकांनी ते पेरलं नाही, आणि का पेरायचं ते आम्हीही पुरेसं समजावलं नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातल्या कापूस पट्ट्याला रडवलं. जे तंत्रज्ञान लहान रानात नीट वापरणंच जड जातं, त्याचा दोष नंतर शेतकऱ्यावर टाकणं मला कधीच पटलं नाही.

बीटी वांग्याला आपल्याकडे २०१० मध्ये स्थगिती मिळाली. बांगलादेशात २०१४ च्या जानेवारीत २० शेतकऱ्यांना रोपं देऊन तेच वांगं सुरू झालं. तिथले वाण सरकारी संस्थेचे आणि सरळ, म्हणजे बी घरी राखता येणारे होते. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. दुसरीकडे तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला परवानगी नसताना २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो उघड पेरून आंदोलन केलं. खुरपणीची मजुरी माणसाला कुठवर नेते ते यात दिसतं. तुमच्या सभासदांना मात्र एक स्पष्ट सांगा: असं बियाणं बिलाशिवाय विकलं जातं, त्यात काय आहे ते कोणी सांगू शकत नाही, आणि फसलं तर तक्रार करायला जागा नाही. २०२५ च्या मे महिन्यात देशात जनुक संपादित, म्हणजे बाहेरचं जनुक न घालता पिकाच्याच जनुकात बदल केलेल्या, भाताचे दोन वाण जाहीर झाले, म्हणजे हा विषय आता थांबणार नाही. ज्वारीत असं काही आलं तर माझा अंदाज सांगतो: विरी, कडबा, दाण्याची चमक तीच ठेवून खोडमाशी थांबत असेल, आणि बी घरी राखता येत असेल, तर मंगळवेढा ते पाच वर्षांत घेईल. दर वर्षी पाकीट विकत घ्यावं लागत असेल तर कोरडवाहू शेतकरी लांब राहील. ज्वारीचं बी एकरी चारच किलो लागतं, तरी जे कणगीत फुकट आहे त्याला पैसे मोजायचे तर फरक मोठा दिसायला हवा.

तुमच्या तिसऱ्या वर्षाचं एक कारण कदाचित हेच असेल. लोकांनी तुमचाच वाण पेरला असेल, फक्त घरचं बी राखून! सरळ वाणाचं बी राखणं, वापरणं, शेजाऱ्याला देणं हा शेतकऱ्याचा २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. बियाणं घ्यायला किती आले, यावरून वाण किती पसरला ते कळत नाही. जानेवारीत शिवारात फिरा आणि कणसं मोजा.

आणि बियाणं वेळेवर येऊ द्या. शाळवाची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, त्यातही वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, चार-सहा दिवसांचा. पिशवी वाफशानंतर आठ दिवसांनी आली तर तिफणीत मालदांडीच जाते. तसं मी कितीतरी वेळा पाहिलंय. सभासदांना पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचायला शिकवा: पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणिताला निळी. बिल घ्यायला लावा, आणि पिशवीतलं मूठभर बी, खूणचिठ्ठी आणि बिल एका पिशवीत बांधून घरात खुंटीला टांगून ठेवायला सांगा. उगवण झाली नाही तर तोच पुरावा.

या वर्षी एवढं करून बघा. जमिनीच्या खोलीप्रमाणे सभासदांचे तीन गट पाडा. कोणालाही अख्खं रान देऊ नका, मालदांडीच्या शेजारी चार-चार तास द्या, जास्तीत जास्त वस्त्यांवर. बियाणं फुकट नको, अर्ध्या किमतीत द्या, म्हणजे माणूस ते नीट पेरतो. काढणी झाली की दोन्ही वाणांचं पायली-पायली धान्य वेगळं दळून घ्या आणि संक्रांतीनंतर एखाद्या दिवशी वस्तीवरच्या बायकांना एकत्र बोलवा. डब्यांवर नाव लिहू नका, एक आणि दोन एवढंच लिहा. त्यांनाच भाकरी थापू द्या, सकाळची भाकरी दुपारी पुन्हा मोडून बघू द्या. बाहेर गोठ्यात दोन्हींच्या पेंढ्या टाकून म्हैस कुठली आधी ओढते तेही बघा. त्या दिवशी जे निघेल ते मला जरूर कळवा, आकड्यांसकट.